सरकीचा खुराक आणि हिरव्या चाऱ्याचे मोल

खानदेशातील शेतकऱ्यास सरकीचे महत्त्व सांगावयास नको. कपाशीची वेचणी झाली, कापूस जिनिंगमध्ये गेला, की त्यातून निघालेली सरकी अथवा तिची ढेप दुभत्या जनावरांच्या व कामाच्या बैलांच्या गव्हाणीत येते. सरकीने दूध वाढते, दुधास फॅट चांगले लागते व बैलाच्या अंगावर तकाकी येते, असा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे व तो निराधार नाही. अखंड सरकीत प्रथिने व स्निग्धांश हे प्रत्येकी सुमारे पाचव्या हिश्श्याइतके असतात. इतका सकस खुराक घरच्याच पिकातून मिळावा, ही कापूस पिकविणाऱ्या मुलखास लाभलेली सोयच म्हणावी लागेल. मुक्ताईनगर तालुक्यात, तापी व पूर्णा यांच्या काठच्या काळ्या जमिनीत, कपाशी व केळी ही दोन पिके घराघरांत आहेत आणि त्यामुळे ढेपेचे पोते नाही असा गोठा विरळाच.

परंतु याच सरकीत गॉसिपॉल नावाचे एक पिवळे द्रव्य असते आणि त्याविषयी आपल्या गावबैठकांतून फारच थोडे बोलले जाते. उलट, ‘वनस्पतीपासून मिळणारे ते सर्व निर्धोक’ हा समज अलीकडे अधिकच फोफावत चालला आहे. बाजारात जनावरांसाठी नाना प्रकारच्या वनस्पतिज पुड्या येऊ लागल्या आहेत. त्यांतील फिनॉल वर्गाची द्रव्ये जनावराच्या शरीरातील ‘अँटिऑक्सिडंट’ शक्ती वाढवितात, असे त्यांच्या डब्यांवर छापलेले असते. ग्रामसेवक व कृषी सहायक यांजकडे शेतकरी विचारणा करतात, ‘साहेब, ही पूड द्यावी काय?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही शक्ती म्हणजे काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. गॉसिपॉल हेही एक वनस्पतिज फिनॉलच आहे, ही गोष्ट या ठिकाणी ध्यानात ठेवावी. त्याचे नावच मुळी कपाशीचे शास्त्रीय नाव ‘गॉसिपियम’ आणि ‘फिनॉल’ या दोन शब्दांच्या जोडणीतून झालेले आहे.

शेंगदाणे फार दिवस उघडे राहिले तर खवट होतात. लोणी-तूप, खोबरे, तीळ यांचेही तसेच. खवट होणे म्हणजे पदार्थातील स्निग्धांशाशी हवेतील प्राणवायूचा संयोग होऊन तो बिघडणे. ही क्रिया एकदा सुरू झाली की एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे, वणवा पसरावा तशी पसरत जाते. हा वणवा पसरविणाऱ्या अस्थिर कणांना शास्त्रज्ञ मुक्त मूलके म्हणतात. फिनॉल वर्गाचे द्रव्य आपल्याजवळचा हायड्रोजनचा एक अणू त्या मूलकास देऊन टाकते व त्याचा जोर मोडते. आपल्या घरातील स्त्रिया लोणी कढविताना त्यात विड्याचे पान टाकतात. पानाने तुपास वास चांगला येतो हे तर खरेच, परंतु पानातील फिनॉल द्रव्यांमुळे तूप लवकर खवट होत नाही, हाही त्याचा एक उपयोग आहे. केळीचा खांब कापताना कपड्यावर चीक पडला तर थोड्याच वेळात त्याचा काळा डाग होतो व तो धुऊन जात नाही. तो डागही चिकातील फिनॉल द्रव्यांचा प्राणवायूशी संयोग होऊनच पडतो. बाभळीच्या शेंगेचा तुरटपणा, हळदीचा पिवळा रंग, चहाचा कस हे सर्व याच मोठ्या कुळातले.

आता जे तुपाच्या भांड्यात घडते तेच गाईच्या शरीरात घडेल काय? येथेच पुष्कळांची गफलत होते.

जनावर श्वास घेते, चारा पचविते, दूध तयार करते, उन्हात नांगर ओढते. या प्रत्येक कामात त्याच्या पेशींमध्ये थोडी थोडी मुक्त मूलके उत्पन्न होतच असतात. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, त्या वेळी जनावर धापा टाकू लागते आणि या मूलकांचे प्रमाण वाढते. निसर्गाने त्यावर शरीरातच उपाययोजना करून ठेवली आहे. तीत काही एंझाइमे आहेत. त्यांपैकी ‘सुपरऑक्साइड डिस्म्युटेज’ या एंझाइमाचे कार्य अमेरिकेतील मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिले. ‘ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज’ हे दुसरे. त्याच्या घडणीत सेलेनियम हे मूलद्रव्य लागते, ही गोष्ट १९७३ मध्ये कळून आली. आणि पेशीच्या स्निग्ध आवरणात उभे राहून खवटपणाचा वणवा जागच्या जागी विझविणारे रक्षक म्हणजे ई जीवनसत्त्व. १९२२ साली इव्हान्स व बिशप यांनी उंदरांवरील प्रयोगांत त्याचा शोध लावला. ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांची उणीव पडली तर वासरांचे व कोकरांचे स्नायू पांढरे पडून निकामी होतात, गाईंचा वार अडकण्याचे प्रमाण वाढते व कासदाहास त्या लवकर बळी पडतात.

चाऱ्यातून पोटात गेलेली फिनॉल द्रव्ये या रक्षकांच्या पंगतीत सरळ जाऊन बसतात, असे मानण्यास आधार नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटातील कोट्यवधी सूक्ष्म जंतू त्यांतील बरीचशी द्रव्ये तेथेच फोडून टाकतात. काही प्रथिनांना चिकटून शेणावाटे निघून जातात. रक्तात जाऊन पोहोचणारा अंश अगदी अल्प असतो व यकृत त्याचेही रूप पालटून त्यास बाहेर घालविण्याच्या मार्गास लावते. मग काही प्रयोगांतून अशा द्रव्यांचा चांगला परिणाम दिसतो तो कशाने? त्याची एक उपपत्ती अशी आहे की, थोड्या प्रमाणातील ही परकी द्रव्ये शरीरास किंचित डिवचतात व त्यामुळे शरीर आपली स्वतःची एंझाइमे अधिक तयार करू लागते. तालमीत थोडे अंग मोडले की पहिलवानाची ताकद वाढते, तसाच हा प्रकार होय. परंतु अर्धपोटी माणसास तालमीत ढकलले तर त्याची ताकद वाढावयाची नाही, तो आजारी पडेल. मात्रा वाढली, किंवा शरीराची मूळ शिबंदीच अपुरी असली, म्हणजे तीच द्रव्ये उलट मूलके वाढविण्यास कारण होतात.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण गॉसिपॉलचेच आहे व ते आपल्या दाराशी असल्यामुळे मी त्यावर अधिक भर देत आहे. बाटलीतल्या तेलात गॉसिपॉल टाकले तर ते तेल खवट होऊ देत नाही. म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत ते उत्तम रोधक ठरते. परंतु तेच द्रव्य जनावराच्या अंगात अधिक प्रमाणात गेले म्हणजे यकृतातील ग्लुटाथायोन व ई जीवनसत्त्व यांचा साठा घटतो, रक्तातील तांबड्या पेशी नाजूक होऊन लवकर फुटू लागतात, लोह बांधले गेल्याने रक्त फिके पडते आणि हृदयाच्या स्नायूंस इजा पोहोचते. बाटलीतला राखणदार पोटात गेल्यावर दरोडेखोर होतो, असा हा प्रकार आहे. म्हणून डब्यावरील ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द वाचून कोणी हुरळून जाऊ नये. तो शब्द बहुधा बाटलीपुरता खरा असतो.

गॉसिपॉलचा विषार एका दिवसात होत नाही. आठवडे, कित्येकदा महिने, तो अंगात साठत जातो. जनावर खाणे कमी करते, मलूल होते, त्यास धाप लागते, छातीत व पोटात पाणी साठते. कधी तर काही विशेष लक्षण न दाखविता ते अकस्मात दगावते आणि मालक ‘हवा लागली’ किंवा ‘नजर लागली’ म्हणून स्वस्थ बसतो. मोठ्या गाई-म्हशींस हा धोका पुष्कळ कमी, कारण कोठीपोटातील प्रथिने बऱ्याचशा मुक्त गॉसिपॉलला बांधून ठेवतात. पण वासराचे व पारडाचे कोठीपोट जन्मतः तयार झालेले नसते. ते चांगले कामास लागेपर्यंत तीन-चार महिने जातात. गाईच्या पाटीतील उरलेली ढेप वासरापुढे सारणे ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. ती प्रेमापोटी होते, परंतु घातक आहे. चार महिन्यांच्या आतील वासरास, पारडास व करडास सरकी किंवा तिची ढेप मुळीच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वगार व कालवडी यांना जगविण्यावर पुढच्या दुधाचा सारा हिशेब अवलंबून असतो. चार मुठी ढेप वाचविण्यासाठी तो हिशेब बिघडविणे परवडणारे नाही.

निरनिराळ्या जनावरांची सहनशक्ती किती वेगळी असते, हे युरोपीय संघाच्या नियमांवरून दिसेल. पूर्ण वाढलेल्या गुरांच्या संपूर्ण खाद्यात एका किलोमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत मुक्त गॉसिपॉल तेथे चालते. वासरांच्या खाद्यात ही मर्यादा १०० वर येते आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात अवघ्या २० वर. कोंबडीस ढेप खाऊ घातली तर साठविलेल्या अंड्यांचा बलक हिरवट पडतो. परसातील कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे. पक्ष्यांच्या व डुकरांच्या खाद्यात हिराकस मिसळून गॉसिपॉल बांधण्याची युक्ती आहे खरी, परंतु मापात चूक झाली तर लोहाचीच बाधा होते. तेव्हा घरच्या घरी तो उद्योग न करणे बरे.

कळपाचा वळू हा आणखी एक विचार करण्याजोगा विषय होय. गॉसिपॉलने नराच्या बीजावर अनिष्ट परिणाम होतो. चीनमध्ये कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या खेड्यांतून मुले होईनाशी झाली, त्यावरून हे प्रथम ध्यानी आले आणि १९७० नंतरच्या दशकात तेथे पुरुषांसाठी संततिनियमनाचे औषध म्हणून गॉसिपॉलची चाचणीही झाली. कित्येकांचे पुरुषबीज कायमचे गेले व काहींच्या रक्तातील पोटॅशियम घसरले, म्हणून तो नाद पुढे सोडून द्यावा लागला. १९९८ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी वळूंवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या वळूंना गॉसिपॉलयुक्त खुराकाबरोबर ई जीवनसत्त्वही भरपूर मिळाले, त्यांचे बीज पुष्कळ अंशी सुस्थितीत राहिले, तर नुसत्या गॉसिपॉलच्या खुराकाने ते बिघडले. मला या प्रयोगाचे महत्त्व वळूपुरतेच वाटत नाही. ई जीवनसत्त्वाचा साठा भरलेला असेल तर जनावर गॉसिपॉलचा मारा बऱ्याच अंशी सोसू शकते, हे त्यातून दिसते.

आणि हाच साठा आपल्या गोठ्यात रिता असतो. फाल्गुनापासून मृगापर्यंत आपल्या जनावरांचे खाद्य काय असते? ज्वारीचा वाळका कडबा, गव्हाचे काड व भुसा, आणि वर सरकी किंवा ढेप. ई जीवनसत्त्व व कॅरोटीन हे दोन्ही हिरव्या पानात भरपूर असतात. तेच पान कापून उन्हात वाळविले म्हणजे त्यांचा मोठा भाग नष्ट होतो. सरकीच्या तेलात ई जीवनसत्त्व चांगले असते, पण ढेप करताना बरेचसे तेल काढून घेतलेले असते. म्हणजे उन्हाने मूलके वाढलेली, ढेपेने गॉसिपॉल आलेले आणि रक्षक मात्र रजेवर गेलेला, अशी आपल्या जनावराची उन्हाळ्यातील अवस्था होते. अशा जनावरास फिनॉलची पूड चारणे म्हणजे कुंपण मोडलेल्या शेतात बुजगावणे उभे करणे होय. पुडीचा पैसा आधी हिरव्या चाऱ्यावर व खनिज मिश्रणावर खर्च व्हावा. त्यानंतर कोणास हौसच असेल तर त्याने पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस विचारून पूड आणावी.

सरकी बंद करा असे मी म्हणत नाही. तसे सांगणारा अधिकारी खानदेशात फार दिवस टिकणारही नाही! सरकी मापात व रीतीने द्यावी इतकेच म्हणणे आहे. पुष्कळ ठिकाणी सरकी रात्रभर भिजत घालतात व तिचा दोष पाण्यात निघून गेला असे समजतात. गॉसिपॉल पाण्यात विरघळत नाही. भिजविल्याने टरफल मऊ पडून सरकी चघळण्यास सोपी होते, याहून अधिक काही घडत नाही. शिजविल्याने मात्र उष्णतेमुळे मुक्त गॉसिपॉल प्रथिनांस बांधले जाते व त्याचा अपाय कमी होतो. एक्सपेलरच्या उष्ण दाबातून निघालेल्या ढेपेत म्हणूनच मुक्त गॉसिपॉल कच्च्या सरकीपेक्षा बरेच कमी असते, तर द्रावकाने तेल काढलेल्या ढेपेत ते तुलनेने अधिक राहू शकते. उष्णतेने प्रथिनांचाही थोडा कस जातो, ही तिची किंमत होय. मोठ्या जनावरांच्या बाबतीत ती किंमत देण्यास हरकत नसावी.

मापाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेत भरपूर दूध देणाऱ्या गाईंना एकूण सुक्या खाद्याच्या सुमारे सातव्या हिश्श्यापर्यंत अखंड सरकी देतात. त्या गाईंना सोबत मुरघास व इतर सकस वैरण मिळत असते, हे विसरून आपण तो आकडा उचलू नये. आपल्या कडब्यावरील जनावरास दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, असे मला वाटते. दिवसास आठ किलो सुके खाद्य खाणाऱ्या देशी गाईस याप्रमाणे पाऊण किलोच्या आसपास सरकी पुरे. बुरशी आलेली किंवा ओल लागलेली ढेप तर कोणत्याच जनावरास घालू नये. तिच्यात बुरशीचे निराळेच विष असू शकते व ते याहून भयंकर.

येथे एक सूचना शासनाच्या व ढेप उत्पादकांच्या विचारार्थ मांडतो. ढेपेच्या पोत्यावर प्रथिने, स्निग्धांश, तंतू यांचे आकडे छापलेले आढळतात. मुक्त गॉसिपॉलचा आकडा छापलेला माझ्या तरी पाहण्यात आला नाही. शेतकरी पैसे मोजून जे पोते नेतो, त्यातील लाभाइतकीच जोखीमही त्यास वाचता आली पाहिजे.

बाभळीच्या शेंगांविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण तोही फिनॉलचाच विषय. त्यांतील टॅनिन चाऱ्यातील प्रथिनांस बांधते. सुक्या चाऱ्यात टॅनिन शेकडा दोन ते चार असले तर प्रथिने कोठीपोटात वाया न जाता पुढे आतड्यात पचतात व लाभच होतो. शेकडा पाचाच्या वर गेले की जनावर खाणे कमी करते व प्रथिने पचेनाशी होतात. शेळी पाला ओरबाडून खाणारी असल्याने ती तुरटपणा गाईपेक्षा अधिक सोसते. म्हणून शेंगा शेळ्यांस, इतर चाऱ्याबरोबर व बेताने द्याव्यात. आपली पांढऱ्या दाण्याची ज्वारी या दोषापासून जवळजवळ मुक्त आहे.

गॉसिपॉल कपाशीत असते तरी कशाला, असा प्रश्न कोणी करील. ते कपाशीचे स्वतःचे संरक्षण आहे. पानांवर व सरकीत दिसणाऱ्या काळ्या बारीक ठिपक्यांत ते साठविलेले असते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत मॅकमायकल यांनी हे ठिपके नसलेली कपाशी शोधून काढली. तिची सरकी निर्दोष होती, पण किडींनी व उंदरांनी त्या पिकावर ताव मारला. पुढे टेक्सासमध्ये कीर्ती राठोड या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली असे वाण सिद्ध केले की, ज्याच्या पानांत गॉसिपॉल कायम व सरकीत मात्र नाममात्र. अमेरिकन शासनाने २०१८ मध्ये त्याच्या लागवडीस व २०१९ मध्ये त्याची सरकी खाद्यात वापरण्यास मोकळीक दिली. ते वाण आपल्या बांधावर येईल तेव्हा येईल. तोपर्यंत पऱ्हाटीत जनावरे चरावयास सोडतानाही, विशेषतः फवारणी झालेल्या शेतात, विचार करावा.

राहता राहिला हिरवा चारा. तापीकाठी केळीस पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने ‘चाऱ्यास पाणी नाही’ असे म्हणणे मला पटत नाही. केळीच्या बागेत कडेला एक-दोन गुंठे जागा काढणे कठीण नाही. केळीचे खांब व पाने हा मात्र पूर्ण चारा समजू नये. खांबात दहापैकी नऊ हिस्से पाणीच असते व प्रथिने अत्यल्प. अडचणीच्या दिवसांत पोट भरण्यापुरता त्याचा उपयोग. कोरडवाहू शेतकऱ्याने खरिपातील हिरव्या मक्याचा मुरघास करून ठेवावा. त्यात कॅरोटीन व ई जीवनसत्त्व वाळविलेल्या वैरणीपेक्षा चांगले टिकते. बांधावर शेवगा असेल तर त्याचा पालाही उपयोगी पडतो.

ज्यांजकडे बारमाही पाणी आहे त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत लसूणघास पेरावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा वाण त्यास योग्य आहे. गुंठ्यास पाव किलो बी पुरते व दोन ओळींत एक फूट अंतर ठेवावे. पहिली कापणी सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी व पुढे दर महिन्यास येते. नीट निगा राखल्यास हे पीक तीन वर्षे चालते, म्हणजे उन्हाळ्यातही गोठ्यात रोज हिरवी पेंढी पडू शकते. कोवळा लसूणघास एकटा व भरपूर घातल्यास जनावराचे पोट फुगते, म्हणून तो थोडा सुकवून, कुट्टी केलेल्या कडब्यात मिसळूनच द्यावा.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी येत्या हंगामात आपापल्या गावातील निदान पाच गोठ्यांत चार महिन्यांखालील वासरांपुढची ढेप बंद करवून, त्यांच्या मालकांकडून एक गुंठा लसूणघास पेरून घ्यावा आणि पुढील मृगापर्यंत किती वासरे जगली याची नोंद ठेवावी.